सात नंबरचा हिरडा

“तुझा बाप खोटं बोलत नव्हता,” चिवटे काका हिरड्याच्या खोडाला नाक लावून म्हणाले. “झाड खोटं बोलतंय.”

“झाडं खोटं बोलत नाहीत, असं तुम्हीच वर्गात सांगायचात ना?”

“विद्यार्थ्यांना काहीही सांगावं लागतं. नाहीतर ते वाणिज्य शाखेला जातात.”

आई जरा खाली, वाटेच्या कडेला एका दगडावर बसली होती. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. ती म्हणाली, “भाऊजी, नाक काढा तिथून. मुंग्या असतील.”

आम्ही तिघंही अनवाणी होतो. नांगरखोलच्या राईत चपला घालून जायचं नाही आणि राईतून वाळलेली काटकीसुद्धा बाहेर न्यायची नाही, हा तिथल्या म्हसोबाचा नियम. बाबांचा देवावर काडीचा विश्वास नव्हता, पण या नियमाबद्दल ते म्हसोबाचं कौतुक करायचे. म्हणायचे, वनखात्यापेक्षा याचा दरारा बरा आहे आणि याला पगारही द्यावा लागत नाही.

बाबा जाऊन तीन-चार महिने झाले होते. श्रावणात, सकाळी वर्तमानपत्र वाचताना गेले. पान उलटलं नाही म्हणून आईने बघितलं. आता दिवाळी नुकतीच होऊन गेली होती, आणि दिवाळीनंतर पाऊस येईपर्यंत ते दर रविवारी ज्या राईत यायचे तिथे आम्ही आलो होतो, त्यांच्या शेवटच्या पेपरावर एक सही मिळावी म्हणून. सही चिवटे काकांची हवी होती. काम दोघांनी मिळून सुरू केलेलं होतं, आणि दोघांच्या सह्या असल्याशिवाय पेपर छापणार नाही असं नियतकालिकाने कळवलं होतं. आणि चिवटे काका शेवटची दोन वर्षं बाबांशी बोलत नव्हते.

भांडण या हिरड्यावरूनच झालेलं होतं.

बाबा वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. सगळा जन्म त्यांनी दगडफुलात घालवला. काळ्या मसाल्यात आपण जे दगडफूल घालतो ना, तेच. त्याची शेकडो भावंडं झाडांच्या सालीवर, दगडांवर, जुन्या भिंतींवर पसरलेली असतात, आणि आपण त्यांना बुरसा म्हणून पुढे जातो. पुस्तकात त्यांना लायकेन म्हणतात. एक बुरशी आणि एक शेवाळ मिळून ते होतं. “बुरशी घर बांधते, शेवाळ स्वयंपाक करतं आणि दोघं एकमेकांशी अवाक्षर बोलत नाहीत,” बाबा वर्गात सांगायचे. “याला म्हणतात सुखी संसार.” हे आईला कळल्यावर आमच्या घरी दोन दिवस तसाच सुखी संसार चालला होता.

लायकेनला मुळं नसतात. जे काही खायचं ते हवेतून. त्यामुळे हवेत काय आहे ते त्याच्या अंगावर दिसतं. राईच्या खाली, पूर्वेला, एका माणसाने मोठी पोल्ट्री घातली होती. कोंबड्यांच्या विष्ठेतून अमोनिया उठतो, अमोनिया म्हणजे नायट्रोजन, आणि तो हवेबरोबर पसरतो. लायकेनमधले काही हे जास्तीचं खाणं सोसू शकत नाहीत, मरतात. राखाडी, पानांसारखी, दाढीसारखी लोंबणारी ही मंडळी. आणि काहींना ते मानवतं. ते पिवळे धमक होतात आणि माजतात. “माणसांत असतं तसंच,” बाबा म्हणायचे. पोल्ट्रीपासून राईच्या आतपर्यंत त्यांनी झाडांना नंबर दिले होते. प्रत्येक झाडाला छातीच्या उंचीवर, चारी बाजूंनी तारेची चौकट लावायची आणि कुठलं लायकेन किती आहे ते मोजायचं. पोल्ट्रीजवळ सगळं पिवळं, वर येत जावं तसं राखाडी, आणि राईत शिरलं की शुद्ध राखाडी. दरवर्षी तसंच.

फक्त सात नंबरचा हिरडा, राईच्या अगदी पोटात उभा असलेला, एका बाजूने पिवळा पडत चालला होता. पोल्ट्रीकडच्या बाजूने नव्हे, पाठीमागून.

बाबांना आनंद झाला. त्यांनी सिद्धान्त मांडला: वारा डोंगरावर आपटतो, उलटा फिरतो आणि पोल्ट्रीचा अमोनिया राईच्या पोटात आणून टाकतो. म्हणजे राई बाहेरून शाबूत दिसत असली तरी आतून सडायला लागली आहे. हा त्यांच्या पेपराचा गाभा होता. निवृत्त प्राध्यापकांच्या चहाच्या टेबलावर चिवटे काका म्हणाले, “वाळव्या, एका झाडाने वारा होत नाही. सात नंबर काढून टाक.” बाबा म्हणाले, “तू आधी कवळी काढ, मग स्पष्ट बोल.” त्यानंतर दोघांनी चहाच्या वेळा बदलल्या.

बाबा गेल्यावर तिसऱ्या दिवशी चिवटे काका घरी आले. गॅलरीत बसून गरम चहा फुंकर न घालता प्यायले. बराच वेळ कुंडीकडे बघून मला म्हणाले, “कुंदा, पेपरात सात नंबर आहे का अजून?”

“आहे.”

“मग मी झाड बघितल्याशिवाय सही करणार नाही.”

आत्या आतून म्हणाली, “माणूस गेलाय हो घरातला.” ते म्हणाले, “माणूस गेला म्हणून आकडे बरोबर होत नाहीत.” मला तेव्हा त्यांचा राग आला होता. आणि त्या आठवड्यात घरी आलेल्या सगळ्या माणसांत तेवढेच एक बाबांसारखं बोलले होते, हेही खरं.

मला तो पेपर हवा होता. लायकेनमधलं मला फार कळत नाही, मी इतिहास शिकवते. पण बाबा शेवटची चार वर्षं दुखऱ्या गुडघ्याने इथे चढून येत होते ते या झाडासाठी, आणि त्यांचं शेवटचं म्हणणं दुसऱ्या कोणी खोडून काढावं असं मला वाटत नव्हतं.

आता चिवटे काका खाली म्हसोबापाशी गेले, कोणीतरी सकाळी लावलेली उदबत्ती उपटून आणली आणि हिरड्यापाशी धरली.

“देवाची उदबत्ती चोरलीत?” आई म्हणाली.

“उसनी घेतली, वहिनी. वारा बघतोय.”

धूर सरळ खाली, पोल्ट्रीच्या दिशेने गेला. काकांनी हात उंच केला, खाली आणला, झाडाला एक प्रदक्षिणा घातली. वटसावित्रीला चुकून पुरुष आल्यासारखं दिसत होतं. धूर खालीच जात राहिला.

“एका दिवसाचा वारा पुरावा होत नाही,” मी म्हणाले.

“हे तू तुझ्या बापाचं वाक्य माझ्यावर टाकू नकोस.”

“त्यांनीच शिकवलंय.”

“त्याला मी शिकवलं होतं.” त्यांनी उदबत्ती परत नेऊन खोचली, म्हसोबाला घाईघाईत हात जोडले आणि वर आले. “बाकीच्या तिन्ही बाजू बघ. राखाडी. शेजारचं ऐनाचं झाड बघ. राखाडी. अमोनिया काय पत्ता विचारत येतो? वाळवेकरांचा हिरडा कुठाय, त्याच्या पाठीवर बसायचंय मला?”

आईने तेवढ्यात पर्स उघडली, मिटली. पर्समध्ये काय आहे ते मला माहीत होतं. मसाल्याच्या डब्यातली एक छोटी वाटीएवढी डबी, झाकणाला चिकटपट्टी. बाबांच्या अस्थी नदीत सोडल्या तेव्हा आईने चिमूटभर रक्षा मागे ठेवली होती. अस्थी घरात ठेवत नाहीत म्हणून ती डबी इतके दिवस गॅलरीत, सुकलेल्या शेवंतीच्या कुंडीमागे होती. आत्या गॅलरीत कपडे वाळत घालायची बंद झाली.

गाडीत बसताना आईने ती काढली होती. “त्यांच्या त्या हिरड्याखाली टाकते. फार जीव होता त्यांचा.”

मी काही बोलायच्या आत मागच्या सीटवरून चिवटे काका म्हणाले होते, “मुळीच नाही. राखेत चुना असतो, फॉस्फरस असतो. नमुन्याचं झाड आहे ते.”

“चिमूटभर आहे हो.”

“वहिनी, तुमच्या नवऱ्याने एका पोराला सेमिनारमधून हाकलला होता, झाडाजवळ केळ्याचं साल टाकलं म्हणून.”

आईने माझ्याकडे बघितलं. काका म्हणाले ते खरं होतं. मी हळूच म्हणाले, “बाबांना चाललं नसतं, आई.” तिने डबी परत पर्समध्ये ठेवली. “नवरा माझा आणि झाड यांचं,” एवढंच म्हणाली.

ऊन वर आलं. चिवटे काका या पायावरून त्या पायावर व्हायला लागले.

“काय झालं?”

“साखरेचा माणूस आहे मी. जरा जाऊन येतो.”

“ओढ्यापलीकडे,” मी म्हणाले.

हा बाबांचा नियम होता. सहल घेऊन आले की वाटेवरच विद्यार्थ्यांना उभं करून सांगायचे, “या राईत कोणीही आपला नायट्रोजन सोडायचा नाही. ज्याला द्यायचा असेल त्याने ओढ्यापलीकडे जाऊन द्यावा.” मुली लाजायच्या, मुलं हसायची, आणि सगळे मुकाट्याने ओढ्यापलीकडे जायचे.

काकांनी ओढ्याकडे बघितलं. उतार, त्यावर सुटे धोंडे, मग ओढा, मग तेवढाच चढ. “माझं वय बघ,” ते म्हणाले, “आणि तो ओढा बघ. मी तिथे पोचेन, पण माझ्याआधी नायट्रोजन पोचेल.”

“भाऊजी, देवाची राई आहे.”

“म्हसोबा पुरुषच आहे, वहिनी. त्याला कळेल.”

मी तोंड फिरवलं. आईने आधीच फिरवलं होतं. काकांची पावलं इकडे गेली, तिकडे गेली. म्हातारा माणूस जागा कशी शोधतो हे मी बाबांसोबत प्रवास करून शिकले होते. वाटेवरून दिसता कामा नये, पाय ठेवायला सपाटी हवी, आणि हाताला धरायला काहीतरी हवं. पावलं सात नंबरच्या मागे गेली, तिथला उंच बांध चढली आणि थांबली.

मग काहीच आवाज आला नाही. कसलाच.

“कुंदा,” काका म्हणाले. “इकडे ये. नको, येऊ नकोस. ये, ये. मी काही केलेलं नाही अजून.”

मी वळसा घालून बांधावर चढले. ते हिरड्याच्या पाठीमागे उभे होते. बांध इतका उंच होता की तिथून खोडाची जी जागा आपल्या मांडीसमोर येते, ती खाली वाटेवरून छातीच्या उंचीवर असते. पिवळा पट्टा नेमका तिथे सुरू होत होता आणि खाली रुंद होत गेला होता, भिंतीवर ओल उतरते तसा.

“हे बघ,” काकांनी डावा हात वर केला. हिरड्याची एक आडवी फांदी बरोबर हाताशी येत होती. तेवढ्याच जागी तिची साल गुळगुळीत झाली होती, बसमधल्या दांड्यासारखी. “आणि हे.”

त्यांच्या पायाखाली एक चपटा दगड होता. बांधाचे बाकीचे दगड शेवाळलेले, कसेही पडलेले. हा एकटा सपाट बसवलेला होता, आणि हलू नये म्हणून खालच्या बाजूने त्याला एक बारीक चीप मारलेली होती.

आमच्या घरात बाबांनी एकही टेबल कधी डुगडुगू दिलं नाही. जेवणाच्या टेबलाखाली, पलंगाखाली, आईच्या शिलाई मशीनखाली त्यांनी घडी घातलेले पुठ्ठे सारलेले होते. मी खाली वाकून त्या चिपेला बोट लावलं. पक्की बसलेली होती.

“आई,” मी तिथूनच विचारलं, “बाबांना इथे आल्यावर... म्हणजे ओढ्यापलीकडे जायचे का ते?”

आईने पर्सचा पट्टा सरळ केला. मग म्हणाली, “प्रोस्टेट वाढलेलं होतं त्यांचं. दर अर्ध्या तासाला. आणि गुडघा तो तसा. ओढा कसला ओलांडतात.”

“मग?”

“मला सांगायचे, तू इथेच बस, मी जरा निरीक्षण करून येतो. आल्या-आल्या एक निरीक्षण, डबा खाल्ल्यावर एक, आणि निघताना एक.”

“मला का नाही सांगितलंस?”

“हे काय सांगायचं असतं? आणि मला काय माहीत तुमचा वारा म्हणजे हा.”

चिवटे काकांच्या तोंडातून एक विचित्र आवाज आला. मला वाटलं त्यांना ठसका लागला. ते बांधावर बसले, फांदी धरूनच, आणि हसायला लागले. खांदे हलत होते, कवळी सुटत होती, ती ते अंगठ्याने परत बसवत होते. “उलटा फिरणारा वारा,” ते म्हणाले. “राईच्या पोटात. वाळव्या, अरे गाढवा. त्यातून हिरड्याचं झाड. लोक पोट साफ व्हायला हिरडा घेतात रे. याने भलतंच साफ केलं.”

मीही हसत होते. आईसुद्धा पदर तोंडाला लावून. राईत आमच्याशिवाय कोणी नव्हतं, हे बरं झालं.

हसणं संपलं तरी काका उठले नाहीत. चष्मा काढून त्यांनी सदऱ्याला पुसला आणि हातातच ठेवला.

“दोन वर्षं मी त्याच्याशी बोललो नाही,” ते म्हणाले. “एका लघवीपायी.”

खाली पोल्ट्रीत कोंबड्यांना खाणं पडलं असावं, एकदम कलकलाट झाला आणि थांबला.

“वारा नाही म्हणून मी ओरडत होतो,” काका म्हणाले. “भांडण्याऐवजी इथे एकदा त्याच्याबरोबर आलो असतो तर मलाही लागलीच असती. मीही इथेच आलो असतो. पाच मिनिटांत निकाल.” मग त्यांनी माझ्याकडे हात पुढे केला. “आण तो कागद. करतो सही.”

“सात नंबर आहे त्यात.”

“असू दे. कोण येतंय इथे मुतारी शोधायला. छापून येऊ दे त्याचं. शेवटचं आहे.”

कागद माझ्या पिशवीत होता, पेन त्यांच्या खिशात. त्यांनी टोपण काढलंही. त्यासाठीच मी तीन महिने त्यांच्या घरी फेऱ्या घातल्या होत्या. मी त्या पट्ट्याकडे बघत राहिले. इतका पिवळा रंग बाबांनी आपल्या लेखांत कधी ‘सुंदर’ म्हटला नसता. ‘लक्षणीय’ म्हटला असता.

“नको,” मी म्हणाले. “वगळा ते.”

“मग पेपरात उरतं काय? अमोनिया राईच्या कडेपर्यंत पोचलाय, आत नाही. एवढंच.”

“एवढं तरी खरं आहे ना?”

“ते खरं आहे.” त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. “बापावर गेलीस. त्यालाही कधी समोर आलेलं ताट नीट खाता आलं नाही.”

त्यांनी गुडघ्यावर कागद ठेवून सात नंबरच्या ओळीवर रेघ मारली आणि खाली बारीक अक्षरात काहीतरी लिहून सही केली. मी वाचलं. ‘वृक्ष क्र. ७ वगळला आहे. कारण: स्थानिक व तात्पुरता नायट्रोजन-स्रोत.’

मी ते आईला मोठ्याने वाचून दाखवलं. तिने विचारलं, “म्हणजे हे तुझे बाबा?”

“हो.”

“स्थानिक आणि तात्पुरता,” ती म्हणाली. शब्द तोंडात घोळवून बघितल्यासारखं. “बरं लिहिलंय.” मग तिने दगडावरून उठायला हात टेकला. “भाऊजी, म्हणजे हे झाड आता तुमचं नाही?”

“आमचं म्हणजे?”

“तुमच्या मोजणीतलं नाही ना?”

काकांनी पेनाला टोपण लावलं. “नाही, वहिनी. तुमचंच आहे.”

आई चढून वर आली. मी हात दिला, तिने घेतला नाही, ती गुळगुळीत फांदी धरली. चिकटपट्टी सोडवायला वेळ लागला. डबी तिने त्या चपट्या दगडापाशी, खोडाच्या बुंध्यावर उपडी केली आणि तळावर बोटाने टिचकी मारली, हळद चिकटून राहू नये म्हणून मारतात तशी. चिवटे काका दुसरीकडे तोंड करून उभे होते.

मग ते म्हणाले, “मी आता ओढ्यापलीकडे जाऊन येतो,” आणि खरोखरच धोंड्यांवरून, बसत, घसरत, ओढ्यापलीकडे गेले. आम्ही त्यांची बरीच वाट बघितली.

पेपर छापून आला. तो वाचून काही झालं नाही. पोल्ट्रीवाल्याने पुढे राईच्या बाजूला दाट झाडं लावली आणि खत रोजच्या रोज उचलायला सुरुवात केली, पण ती त्याच्या सुनेला वास सहन होईना म्हणून. चिवटे काका त्यानंतर दोन दिवाळ्या होते. दोन्ही वेळा आमच्याबरोबर आले, दोन्ही वेळा ओढ्यापलीकडे गेले. मग आम्ही दोघीच जायला लागलो.

पट्टा पहिल्या वर्षी तसाच होता. मग कडेने फिका झाला. मग मधेमधे नुसती साल दिसायला लागली. मी दर वेळी बघायची, आई बघायची नाही. ती बांधावर त्या दगडावर बसून डबा उघडायची.

गेल्या वर्षी पिवळं कुठेच सापडलं नाही. मी चष्मा लावून शोधलं, चष्मा काढून शोधलं. त्या जागी राखाडी, कडेला दुमडलेली, रुपयाएवढी दगडफुलं आली होती. बाकीच्या झाडांवर होती तशीच.

“काय दिसतंय?” आईने विचारलं.

“गेलं, आई. सगळं राखाडी झालं.”

“म्हणजे हवा सुधारली.”

“हो. हवा सुधारली.”

ती उठली. नखाने त्यातली दोन-तीन दगडफुलं सालीवरून हलकेच सोडवली, नाकाशी धरली आणि पर्समधून डबी काढली. तीच डबी.

“आई, राईतून काही न्यायचं नसतं.”

“नेत कुठे आहे,” ती झाकण लावत म्हणाली. “ठेवलेलं परत घेतेय.”

त्या वर्षीचा मसाला तिने नेहमीसारखाच भाजला. आमटीही नेहमीसारखीच झाली होती. मी दोनदा वाढून घेतली.